मसुद्याच्या खोलीबाहेर

आमच्या पाणी खात्यात तिला सगळे मापाडी म्हणायचे. तिचं कामच ते होतं. शहराच्या कडेने नदी वाहते, नदीवर जुना दगडी पूल आहे आणि पुलाच्या तिसऱ्या खांबाला काळ्या आकड्यांची एक पांढरी पट्टी ठोकलेली आहे. दिवसातून तीनदा बेचाळीस पायऱ्या उतरून जायचं, पाणी पट्टीवर कुठवर आलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि आम्हाला कळवायचं. पाणी चढू लागलं की दर तासाला. आधी हे काम तिचे वडील करायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ते वर कठड्याशी उभे राहायचे आणि ही खाली जाऊन आकडा ओरडून सांगायची. पुढे रीतसर परीक्षा देऊन ती त्याच जागी लागली. मी जिल्हा कार्यालयात टायपिस्ट होतो. आधी तिच्या वडिलांचे आणि मग तिचे आकडे मी तक्त्यात बसवायचो, साहेबांची सही घ्यायचो आणि राजधानीला रवाना करायचो. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

नदी उगम पावते शेजारच्या देशात. मोठं धरणही तिकडेच. धरणाची दारं उघडली की पाणी नऊ तासांत आमच्या पुलाखाली येतं. दारं उघडल्याचा निरोप मात्र तिथल्या जिल्ह्यातून त्यांच्या राजधानीला जातो, तिथून दोन्ही देशांच्या संयुक्त नदी मंडळाकडे, मंडळाकडून आमच्या राजधानीला आणि मग आमच्याकडे. पाण्याला नऊ तास, कागदाला सहा दिवस. यात काहीतरी चुकतंय हे कळायला राजदूत असावं लागत नाही. बदलायला मात्र राजदूतच लागतात म्हणे.

एकदा मंडळाने दोन्हीकडच्या पाणी मोजणाऱ्यांना चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी सीमेवरच्या गावात एकत्र बोलावलं. तिथे मापाडीची गाठ पडली धरणाखालची पट्टी वाचणाऱ्या एका तरुणाशी. तिच्याहून तीन वर्षांनी लहान, किडकिडीत, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा एकच, तेव्हा गप्पांना काय तोटा? तो तिला ताई म्हणायचा. आम्ही त्याला 'पलीकडचा' म्हणायचो. जाताना दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. एवढंच. पुढे हाच तिचा गुन्हा ठरला.

ती चोवीस वर्षांची होती त्या साली वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला. एका सकाळी दहाच्या सुमाराला तिचा फोन वाजला.

"ताई, आठ दारं उघडली आत्ता. आठच्या आठ. तुमच्याकडे काही निरोप आलाय का?"

"नाही."

"येणार पण नाही. तू पळ."

ती पळत आमच्या कार्यालयात आली. चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखलेली, हातात वही. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वरून कळवलं नाही तोवर आपल्याला काही बोलता येत नाही. उगाच घबराट पसरायची." मी यंत्रासमोर बसून ऐकत होतो. मान खाली घालून बसलो.

तिने काय करावं? सरळ नदीकाठच्या मुलींच्या वसतिगृहात गेली. तळमजल्यावर सत्तर खाटा. अधीक्षिका म्हणाल्या, लेखी आदेश दाखवा. पण दारावरचा म्हातारा चौकीदार तिच्या वडिलांना ओळखत होता. "हिच्या बापाने कधी आकडा चुकवला नाही," असं म्हणून त्याने स्वतःच घंटा बडवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत वसतिगृह रिकामं झालं. मग ती रंगाऱ्यांच्या गल्लीत शिरली, दार न् दार ठोठावलं. संध्याकाळी सातला पाणी धोक्याच्या खुणेवर सव्वा मीटर होतं आणि वसतिगृहातल्या खाटा तरंगत होत्या. माणूस एकही दगावला नाही.

अधिकृत निरोप सातव्या दिवशी आला. 'नदीच्या पातळीत वाढ संभवते.' तो मीच फाइलला लावला.

बातमी वर्तमानपत्रात आली, फोटोसकट. तेवढ्यावरून राजधानीला जाग आली. झालं असं, की पुढच्या वर्षी नद्यांच्या प्रश्नावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती आणि परिषदेने ठरवलं होतं की यंदा प्रत्येक देशाने तरुणांना सोबत आणायचं. 'उद्याचे निर्णय, उद्याच्या हाती' असं घोषवाक्य होतं. आमच्या मंत्रालयाला एक तरुण हवा होता. मुलगी असली तर उत्तमच, आणि पुरातली असली तर मग काय, सोन्याहून पिवळं. मापाडीची निवड झाली. तिला कधी प्रवासाची सवय नाही आणि शिष्टमंडळाचे कागद सांभाळायला कुणीतरी लागतोच, म्हणून माझंही नाव सोबत लागलं.

ती किती तयारी करत होती ते मी पाहिलंय. रोज काम आटोपलं की माझ्या टेबलाशी यायची. शेवटी एक पान झालं, अकरा ओळींचं. मागणी एकच: धरणाखालच्या माणसाने दारं उघडल्यापासून तासाभरात खालच्या माणसाला थेट फोन करायचा, आणि तो अधिकृत धरायचा. खर्च शून्य, नवं खातं नको, नवी इमारत नको.

"काका, एवढं साधं मागितलं तर हसतील का हो?"

"हसतील कशाला? साधं आहे म्हणूनच देतील," मी म्हणालो. इतका भाबडा होतो मी, त्या वयातही.

परिषदेच्या दारातच गळ्यात बिल्ले अडकवले. प्रतिनिधींना निळे, आम्हा कागद वाहणाऱ्यांना करडे, तरुणांना हिरवे. हिरव्यांना वर एक सदराही मिळाला, पाठीवर घोषवाक्य छापलेला. त्यांची व्यवस्था मुख्य इमारतीत नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडे 'युवा दालन' होतं. तिथे जमिनीवर रंगीबेरंगी गाद्या, भिंतीवर एक भलामोठा फळा आणि त्यावर चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या. चिठ्ठीवर आपलं स्वप्न लिहायचं. वेगवेगळ्या देशांतून आलेली अठ्ठावीस तरुण माणसं: कुणी पाण्याचा अभियंता, कुणी परिचारिका, एकजण पूरग्रस्तांच्या छावणीत तीन वर्षं शाळा चालवणारा. त्यांच्या हातात चिठ्ठ्या आणि रंगीत पेन! बालवाडीत तरी मुलांना आत घेतात हो.

त्या गाद्यांवर पलीकडचाही बसलेला होता. त्याच्या देशानेही त्यालाच पाठवलं होतं. दोघं इतकी खूश झाली की विचारू नका. थोड्या वेळाने आमच्या शिष्टमंडळातल्या एक बाई आल्या. हुद्दा मोठा, आवाज मऊ. त्यांनी मापाडीच्या हातात एक कागद ठेवला. "हे तुझं उद्याचं भाषण. तीन मिनिटं. छान पाठ कर."

तिने वाचलं. 'नद्या सीमा ओळखत नाहीत. आम्ही उद्याचे नागरिक आहोत...'

"पण बाई, माझा कागद?"

"तो घेतलाय ना आम्ही. मसुदा समितीकडे जाईल योग्य मार्गाने."

बाई गेल्यावर पलीकडच्याने खिशातून आपलं भाषण काढलं. त्याचंही पहिलं वाक्य 'नद्या सीमा ओळखत नाहीत'. दुसरंही तेच. दोन देश तीस वर्षं एका पाण्यावरून भांडतायत आणि भाषण मात्र दोघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं. दोघं पोट धरून हसली. हसता हसता मापाडीचा चेहरा बदलला. "काका," ती म्हणाली, "मसुद्याची खोली कुठे आहे?"

आम्ही तिघं रस्ता ओलांडून गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक गालिचा, टोकाला दार, दाराशी गणवेशातला माणूस. त्याने तिचा बिल्ला पाहिला. "हिरव्यांना आत नाही."

"आत माझ्या कागदावर चर्चा आहे."

"असेल. हिरव्यांना नाही."

मग त्याने माझा करडा बिल्ला पाहिला, माझ्या हातातल्या फाइली पाहिल्या आणि दार उघडलं. मला आत सोडलं! ज्याला त्या पट्टीवरचा एक आकडा आयुष्यात स्वतः वाचावा लागला नव्हता, त्या टायपिस्टला रस्ता मोकळा, आणि जिने सत्तर मुली वाचवल्या ती बाहेर गालिच्यावर उभी.

मी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसलो. परिच्छेद सतरा, म्हणजे तिची मागणी, निघाला. शेजारच्या देशाचे गृहस्थ म्हणाले, धरणाची माहिती हा आमच्या सार्वभौमत्वाचा विषय, खालच्या कर्मचाऱ्यांनी परस्पर बोलणं आम्हाला मान्य नाही. मला वाटलं, आता आमच्या शिष्टमंडळाचे साहेब उसळतील. आमचे साहेब म्हणाले, आम्हीही सहमत आहोत. सबंध दिवसात दोन देशांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. अध्यक्षांनी रेघ मारली. कुणीतरी विचारलं, हे मूळ सुचवलं कुणी? बाई हसून म्हणाल्या, "तरुण मुलं आहेत हो, भावनेच्या भरात लिहितात. गोड आहेत. उद्या त्यांचं भाषण आहेच." घड्याळात पाहिलं तर दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी एक शब्द बोललो नाही. करड्या बिल्ल्याने बोलायचं नसतं, असं स्वतःला समजावलं.

बाहेर येऊन मी तिला सगळं सांगितलं. तेवढं तरी केलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "दोघांनी मिळून?" आणि पलीकडच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी भल्यामोठ्या सभागृहात तिचं नाव पुकारलं. ती हिरव्या सदऱ्यात वर गेली, दिलेलं भाषण टेबलावर पालथं घातलं आणि आपली वही उघडली.

"सकाळी नऊ: दोन मीटर ऐंशी. दहा वाजता वर आठ दारं उघडली, मला एका मित्राने फोन करून सांगितलं. दुपारी बारा: दोन ऐंशी. तीन: दोन नव्वद. सहा: चार चाळीस. सात: सहा पंचवीस. आमची धोक्याची खूण पाचवर आहे. या आकड्याला सत्तर मुलींच्या खाटा पाण्याखाली गेल्या. तुमचा निरोप सातव्या दिवशी आला." तिने वही मिटली. "तो फोन अधिकृत करा एवढंच मी मागितलं होतं. काल त्यावर दोन मिनिटांत रेघ मारली. ज्यांनी मारली त्यांनी हात वर करावा. मला फक्त चेहरे बघायचेत."

एकही हात वर झाला नाही. कुणी पाणी प्यायलं, कुणी कानातलं यंत्र ठीकठाक केलं. मग अध्यक्ष माइकशी वाकले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "काय ही ऊर्जा! हीच आपली उद्याची आशा." टाळ्यांचा कडकडाट झाला. उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली. "उत्तर द्या." पण तीन मिनिटं झाली होती आणि माइक बंद होता. पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या टाळ्यांनी. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिवी घालणारा निदान समोरच्याचं म्हणणं ऐकतो.

नंतर सामूहिक फोटो होता. बाई तिला शोधत आल्या. "चल, तुझी जागा मधोमध ठेवलीय. हट्ट करू नकोस, बाळ."

"मी बाळ नाही, बाई. मी तुमच्या खात्याची कर्मचारी आहे. पंचवीस वर्षांची." ती फोटोला गेली नाही. पलीकडचाही गेला नाही. दोघं बाहेर पायऱ्यांवर बसून पाव खात होती.

परतल्यावर पंधरा दिवसांत नोटीस आली. 'परराष्ट्राच्या कर्मचाऱ्याशी अनधिकृत संपर्क ठेवल्याबद्दल खुलासा करावा.' ज्या फोनचं कौतुक छापून तिला परिषदेला नेलं, तोच फोन आता गुन्हा. ती नोटीस मी टाइप केली. तिची पुलावरून उचलबांगडी झाली, जुन्या कागदांच्या खोलीत. पलीकडच्याला धरणावरून हलवून कुठल्याशा गोदामात बसवलं. दोन देशांनी पुन्हा एकदा सारखाच निर्णय घेतला.

तिची चौकशी लागली तेव्हा मी तिच्या घरी गेलो. आई शिवणयंत्रावर होती, वडील गुडघ्यांना पट्ट्या बांधून खुर्चीत. त्यांनी मला एकच विचारलं, "तुम्ही त्या खोलीत होतात ना?" आवाज चढला नव्हता. मला मात्र बसवेना. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनचं काहीतरी टाइप केलं: परिच्छेद सतरावर कोण काय बोललं, शब्दन् शब्द, खाली सही. चौकशीत दाखल केलं. नोकरीची दोन वर्षं उरली होती. मला सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि त्या रजेतूनच मी निवृत्त झालो. त्याचं फार काही वाटत नाही. उशीर केला, त्याचं वाटतं.

पुढच्या वर्षी पुन्हा दारं उघडली. या खेपेस फोन करायला तिकडे कुणी नव्हतं आणि उचलायला इकडे. वसतिगृह तोवर दुसरीकडे हलवलं होतं, म्हणून मुली वाचल्या. जुन्या इमारतीचं सामान राखायला तो चौकीदार एकटा राहिला होता. भर दुपारी तो बुडाला. अधिकृत निरोप सहाव्या दिवशी आला. राजधानीने अहवालात लिहिलं की निरोपाच्या वेळेत एका दिवसाची सुधारणा झाली आहे.

मापाडी अंत्यविधीला आली, चौकीदाराच्या बायकोजवळ बसली, आणि तिथून उठली ती कामालाच लागली. नदीवर दोन्ही देश मिळून पट्ट्या वाचणारे एकोणीस जण आहेत, बहुतेक तिशीच्या आतले. तिने एकेकाला गाठलं. चोरून काही नाही. सगळ्यांनी नाव, हुद्दा आणि ठाणं लिहून एका पत्रावर सह्या केल्या: आम्ही आजपासून एकमेकांना फोन करणार, नोटीस द्यायची तर एकोणीस द्या. पत्र दोन्ही राजधान्यांना, मंडळाला आणि वर्तमानपत्रांना गेलं. एकोणीस जणांना काढलं तर पट्ट्या वाचणार कोण? बिल्लेवाले त्या पायऱ्या उतरणार होते थोडेच! नोटिसा आल्या नाहीत. ती पुन्हा पुलावर रुजू झाली, तोही धरणावर गेला. तरी फोन अधिकृत व्हायला आणखी तीन वर्षं लागली. करारात ते कलम शेवटी आलं, जोडपत्रात, 'तज्ज्ञांच्या शिफारशीवरून'. तज्ज्ञ कोण, ते लिहिलेलं नाही.

त्याच वेळी मंडळाने तरुणांसाठी एक जागाही निर्माण केली. वय अठरा ते एकोणतीस. त्या महिन्यात मापाडीला तीस पूर्ण झाली होती. बाईंनी स्वतः फोन केला. "तुझ्यामुळेच झालं हे सगळं. आता योग्य तरुण निवडायला आम्हाला मदत कर."

"त्या जागेला मत आहे?" तिने विचारलं.

"सध्या नाही. पण आवाज आहे."

"मसुद्याच्या खोलीत बसता येईल?"

"टप्प्याटप्प्याने विचार करू."

तिने फोन ठेवला. पुन्हा आला तेव्हा उचलला नाही.

तरी बाईंनी निवडलेली मुलगी एक दिवस पुलावर आलीच. एकोणीस वर्षांची, विद्यापीठात कायदा शिकणारी, बोलायला फटकळ. मीही तिथेच होतो. हल्ली संध्याकाळी पाय मोकळे करायला तिकडेच जातो. मापाडी तिला म्हणाली, "जाऊच नकोस. शोभेला उभी करतील."

"मी नाही गेले तर दुसरी जाईल, ताई. आणि ती फोटोत मधोमध उभी राहील."

मापाडीने मुलीला खाली नेलं, पट्टी वाचायला लावली. पहिल्यांदा चुकीची वाचली, दुसऱ्यांदा बरोबर. मग दोघी पायऱ्यांवर बसून खूप वेळ बोलत होत्या. काय, ते मला ऐकू आलं नाही.

मुलगी परिषदेला गेली. यंदा हिरवे बिल्लेवाले एकतीस होते. भाषणाच्या दिवशी त्यांच्यातलं एकजणही सभागृहात गेलं नाही. सगळे दुसऱ्या मजल्यावर मसुद्याच्या दाराबाहेर गालिच्यावर जाऊन बसले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसते बसले. आतल्यांना जेवायला जायचं तर त्यांच्या मधून वाट काढावी लागली. तिकडे फोटोसाठी मांडलेल्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या आणि छायाचित्रकार सगळे वर आले. दुसऱ्या दिवशी समितीने दोघांना आत घेतलं. निरीक्षक म्हणून. बोलायचं नाही, मत नाही.

ही बातमी मी मोठ्या उत्साहाने मापाडीला सांगायला गेलो. ती पायऱ्या चढून वर येत होती, वही काखेत.

"दोघं? एकतिसांतली दोघं, आणि तोंड मिटून?" ती एकदम भडकली. "चौकीदार गेला त्याला किती वर्षं झाली, काका? आणि यांनी काय दिलं, तर दोन खुर्च्या?"

"काहीच नव्हतं, त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा काय? तुम्ही पण टाळ्या वाजवायला लागलात?"

तिने वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, पलीकडच्याला फोन लावून कळवला. तो नेहमीसारखा बराच वेळ बडबडत होता, ही नुसतं हूं हूं करत होती. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीला विचारा, पुढची बैठक कधी आहे. आम्ही पट्टीवाले एकोणीसजण रजेचे अर्ज आत्ताच टाकून ठेवतो."

"तुम्हाला तर बिल्लेही मिळणार नाहीत."

"गालिच्यावर बसायला बिल्ला कशाला लागतो?" ती म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.